तारा बोलून राहिला, का डबा?

"हे तारा बोलून राहिला, का आपला डबा?"

चष्मा कपाळावर सरकवून, मान पार खांद्यापर्यंत तिरकी करून सर हे विचारायचे. आठवड्याभराचं काम पाण्यात जाणार, हे त्यानंतर ठरलेलंच असे. सर आमच्या संशोधन गटाचे प्रमुख, मूळचे अकोल्याचे. अख्खी नोकरी चंडीगडात गेली, हिंदीत पंजाबी मिसळली, पण घरची बोली काही सुटली नाही.

डबा म्हणजे उपग्रहावरच्या दुर्बिणीतलं आमचं उपकरण. पल्सार नावाचे गरगर फिरणारे मेलेले तारे क्ष-किरण फेकतात. त्या किरणांचं कंपन एखाद्या दिशेत जास्त आहे का, हे डबा मोजतो. पण डब्याचीही स्वतःची खोड असते. ताऱ्याला कुठलीच दिशा नसली, तरी तो एखादी दाखवून मोकळा होतो. म्हणून सरांना संशय. तो कामापुरता राहिला असता तर मी काही बोलले नसते. कँटीनच्या पराठ्यात मीठ जास्त आहे म्हटलं, तर हा माणूस पराठा फिरवून दुसऱ्या कडेचा घास घेऊन बघायचा. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच.

अशा एकदिशी कंपनाला मराठीत ध्रुवण म्हणतात. एका गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने सरांचं व्याख्यान ठेवलं आणि सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, 'ताऱ्यांचे ध्रुवीकरण'. हॉल भरला. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून आलेले एक निवृत्त कर्नल पहिल्याच रांगेत बसले, कोणता नट कोणत्या पक्षात गेला यावर वाद घालायच्या तयारीने. दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. सरांनी अर्धं व्याख्यान त्या दोन शब्दांतला फरक समजावण्यात घालवलं. मागून मुली विचारू लागल्या, अंकल जी, आरती कब होगी? कर्नल मात्र शेवटपर्यंत बसले आणि पुढे सरांचे पक्के मित्र झाले. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग आम्हाला एका पल्सारच्या किरणांत ध्रुवण दिसलं. अगदी स्वच्छ. सरांनी सारी नोकरी ज्याची वाट बघितली, ते हेच. निवृत्ती तोंडावर आलेली, पेपर लिहून तयार, बाकी सगळ्यांची संमती झालेली. आणि सर अडून बसले. उपग्रह वेगळ्या कोनात वळवून तोच तारा पुन्हा बघायचा. दिशा डब्याबरोबर वळली तर ती डब्याची, आकाशात जागच्या जागी राहिली तर ताऱ्याची. म्हणणं बरोबरच होतं, नेहमीप्रमाणे. पण विजेसाठी सौर पॅनल सूर्याकडे ठेवावी लागतात, त्यामुळे उपग्रह आपल्याला हवा तेव्हा वळत नाही. त्या कोनासाठी महिनोन्महिने थांबावं लागणार होतं.

मी चिडले. म्हटलं, "सर, तोवर तुम्ही इथे नसाल."

"तारा हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "माह्या रिटायरमेंटसाठी त्याच्या तोंडी शब्द नको घालू, पोरी."

सर अकोल्याला परत गेले. तिथूनही फोन सुरूच. वळला का? नाही म्हटलं की, "बरं," आणि फोन बंद. इतका वैताग यायचा, की कधीकधी मी तो उचलतच नसे. मग एका सकाळी त्याच नंबरवरून काकू बोलल्या. सर हार्ट अटॅकने गेले होते.

नवी निरीक्षणं आली ती हिवाळ्यात. मी ती सगळ्या बाजूंनी तपासली. डबा वळला होता. दिशा होती तिथेच होती.

सेक्टर तीसमधल्या संस्थेत, आमच्या खोलीत, मी गटाला आलेख भिंतीवर दाखवला. सगळे खूश झाले. कमाल है जी, पेपर आजच पाठवून टाक, म्हणाले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. कोणी तरी काही विचारेल, अडवेल, म्हणून थांबले. एकानेही हरकत घेतली नाही. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला, की लॅपटॉप तसाच मिटून मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि रडत बसले.