माझीच मनिऑर्डर

हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि उठा.

मी माणमधला. शाळा लवकर सुटली आणि साताऱ्यात एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागलो. निघताना आमच्या गावच्या पेन्शनर हवालदारकाकांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या पलटणीतल्या एकाची मनिऑर्डर कुणा भामट्यानं त्याचं नाव सांगून, सही ठोकून उचलली होती. बिचाऱ्यानं चहाच्या गाड्यावर गप्पा मारता मारता नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगून ठेवलेलं.

"शहरात कुणाला खरं नाव सांगू नगंस, गड्या. नाव कळलं की पैसं उचलत्यात बघ."

आता हवालदाराचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

पहिल्याच दिवशी दुकानाच्या मिस्त्रींनी नाव विचारलं. दत्तू माने ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, शिंदे. गाव? औंध. खानावळीच्या आक्कांनाही तेच सांगितलं. न्हाव्यालासुद्धा! हळूहळू सगळी पेठ मला शिंदे म्हणायला लागली. नाव इतकं जपलं, की रस्त्यात कुणी 'माने' अशी हाक मारली तर मीच मागं वळायचो नाही.

मग सायकलीचं निघालं. दुकान गावाबाहेर, रोजची पायपीट. एक जुनी सायकल विकायला होती. मालक म्हणाला, शनिवारपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक आहे. मी मुंबईच्या मामाला पत्र टाकलं. पत्ता दुकानाचा, नाव मात्र खरं. मामाशी खोटं कसं बोलणार?

शनिवारी मी लोखंड आणायला गेलो होतो. परत आलो तर मिस्त्री सहज म्हणाले, पोस्टमन कुणा मान्याची मनिऑर्डर घेऊन आला होता, असला कुणी हितं न्हाई म्हणून परत लावला.

हातातलं लोखंड तिथंच टाकलं आणि पोस्टाकडे पळालो.

पोस्टमास्तर शांत माणूस. म्हणाले, ओळख देणारं कुणीतरी घेऊन या. खानावळ पलीकडच्याच बोळात. पोस्टात ओळख द्यायचीय एवढं म्हणायचा अवकाश, आक्का पदर खोचून निघाल्यासुद्धा. पुढचं समजावून सांगायला मला सवडच मिळाली नाही.

"ह्यांना ओळखता?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय तर. आमचा शिंदे."

"हे म्हणतात, मी माने."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत कसंबसं म्हणालो, "आक्का, मी मानेच हाय. शिंदे खोटं सांगितलं व्हतं."

"गप रं." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "आवं सायेब, दिसभर त्या जाळापाशी बसतंय, डोस्कं फिरलंय. पर लय सरळ पोरगं. आजवर माझ्याशी कवा खोटं बोललं न्हाई."

झालं! माझ्या खरेपणाची एवढी भक्कम साक्ष मिळाल्यावर मी माने कसा ठरणार? रांगेतली माणसं भामट्याकडे बघावं तशी बघायला लागली. मागून कुणीतरी पोलीस चौकीचं नाव काढलं.

मास्तरांनी आक्कांच्या वयाकडे बघून मला सोडलं. पैसे मामाकडे परत जाणार आणि सायकल दुसऱ्याच्या दारात, हे मला तिथंच कळून चुकलं. मी पायरी उतरत होतो, तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली.

"शिंदे, तो माने कधी भेटला तर सांगा त्याला. म्हणावं, तुझ्या नावावर एक जण पैसे उचलायला आला होता, जपून राहा."

आणि मी काय म्हणालो असेन?

"सांगतो, साहेब."