दिव्याखाली न धरलेला हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगायचं ठरवलं आणि कागद पुढे ओढल्यापासून दोनदा उठून हात धुऊन आले. हसू नका. किंवा हसा — माझं कामच तसं आहे.

माझं काम हात धुवायला शिकवण्याचं. चिकलठाण्याच्या कंपन्यांमागे ज्या वस्त्या आहेत, तिथे आमची संस्था फिरते. जेवणाआधी, संडासहून आल्यावर, बाळाला भरवताना — साबण कसा लावायचा, नखं कशी घासायची, बोटांच्या बेचक्या कशा विसरायच्या नाहीत. जुलाबाने सुकलेलं लेकरू एकदा मांडीवर घेतलं की या कामाला कुणी हसत नाही. काम चांगलंच आहे. काम वाईट होतं असं म्हणून मला सुटता येणार नाही.

आमच्याकडे एक दिवा आहे. टॉर्चएवढा, जांभळ्या उजेडाचा. त्याच्यासोबत एक पावडर येते. हाताला चोळली की दिसत नाही, पण अंधारात त्या दिव्याखाली निळीपांढरी चमकते. शिकवणारीने ती गुपचूप आपल्या तळव्याला लावायची, एकीचा हात हातात घ्यायचा, तिने दुसरीचा, दुसरीने तिसरीचा — आणि मग दिवा लावला की खोलीभर हात चमकतात. रोग असा पसरतो, हे डोळ्यांना दिसतं. दिव्याला जंतू दिसत नाहीत बरं का. फक्त पावडर दिसते. म्हणून आमच्या प्रशिक्षक सरांनी बजावून ठेवलं होतं — शेवटी आपला हात सगळ्यांच्या आधी दिव्याखाली धरायचा. हसून सांगायचं, ही माझीच करामत. नाहीतर लोक कुणा एकाला घाणेरडं ठरवून मोकळे होतील.

हा नियम मी प्रत्येक वस्तीत पाळला. एक वस्ती सोडून.

तिथे बायकांच्या बचत गटाचं स्वयंपाकघर होतं. पत्र्याची लांब खोली, आत गॅसच्या शेगड्या, दाराशी पाण्याची टिपाडं. कंपन्यांतल्या कामगारांचे डबे तिथून जायचे. मंगलताई गटाची अध्यक्ष, आणि भाकऱ्या शालनबाईच्या. कोरड्या पिठावर तिचा हात फिरायला लागला की बघत राहावं. उजव्या अंगठ्याजवळ तव्याचा जुना चटका होता, लांबट, काळपट. ती राहायची निळ्या झेंड्याच्या गल्लीत. गटातल्या बाकीच्या सगळ्या बायका अलीकडच्या गल्लीतल्या. हे मी का सांगते आहे, ते तुम्हाला कळलंच असेल. मलाही तेव्हा कळत होतं. वैजापूरला माझ्या माहेरी फडताळात एक कप वेगळा असायचा. कुणासाठी, ते आम्हा मुलांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

पहिल्या भेटीला मी आमच्या मोठ्या साहेबांना घेऊन गेले होते. छान बोलत होते मी. स्वतःवर खूश होते. तेवढ्यात शालनबाई पीठ मळता मळता म्हणाली, "ताई, नळ येतो आठ-आठ दिसाला. टिपाडातलं पाणी हात धुवायलाच काढलं तर प्यायला काय ठेवावं? तुमी सांगा, आमी तसं करू."

काय चुकीचं बोलली ती? काही नाही. पण मी नुसती वहीची पानं चाळायला लागले. साहेब माझ्याकडे बघत राहिले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. परतीच्या वाटेवर, जालना रोडच्या प्रत्येक सिग्नलला, मला ते हसणं ऐकू येत होतं. माझा राग पाण्यावर नव्हता, नळावर नव्हता, महापालिकेवरही नव्हता. भाकऱ्या थापणाऱ्या एका बाईचा मला राग आला होता. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं.

पुढच्या वेळी दिवा घेऊन गेले.

खिडकीवर जमखाना टांगला, दार लोटलं. पावडर माझ्या उजव्या तळव्याला आधीच लावलेली होती. शालनबाई आत आली तशी मी पुढे झाले आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. कशा आहात, भाकऱ्या कशा चालल्यात — असं गोड गोड बोलत ते बराच वेळ धरून ठेवले. आणि मग तिला दुसऱ्या कुणालाही शिवू दिलं नाही. लगेच पुढे बोलावलं, दिवा लावला.

तिचे हात पेटल्यासारखे चमकले. तळव्याच्या रेषा, नखांच्या कडा, बेचक्या, सगळं. खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"मी आत्ताच धुऊन आले हो," ती म्हणाली. "साबण लावून धुतले."

खरंच धुऊन आली असणार. मी येणार म्हणून. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "बघा, धुतले असं आपल्याला वाटतं!" मग दिवा मंगलताईच्या हातात दिला आणि डाव्या हाताने मोबाईलवर फोटो काढला. डाव्या हाताने — कारण उजवा मी ओढणीत गुंडाळला होता.

मंगलताईने पायानेच पिठाची परात शालनबाईपासून थोडी लांब सरकवली. मी ते पाहिलं. अजून वेळ होता. ओढणीतून हात काढायचा आणि दिव्याखाली धरायचा, एवढंच. सगळ्या हसल्या असत्या, शालनबाई सगळ्यांत जास्त हसली असती, आणि परात परत जागेवर आली असती.

शालनबाईच बोलली. रागाने नव्हे, सहज. "ताई, तुमचा बी हात धरा की."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मंगलताईने दिवा माझ्या दिशेने वळवला. मी तो घाईने तिच्या हातातून घेतला, बंद केला आणि म्हणाले, "चार्जिंग उतरलं वाटतं."

उतरलं नव्हतं. सकाळीच चार्ज करून आणला होता.

एवढंच आहे माझं पाप. एवढंसं वाक्य. लहान वाटतं ना? मलाही तसंच वाटावं म्हणून मी फार धडपड केली.

थोड्या दिवसांनी शालनबाई मला वस्तीच्या तोंडाशी भेटली, मी स्कूटी लावत होते तिथे. वाट बघत थांबलेली दिसत होती. म्हणाली, गटाने तिला पिठाला हात लावू नको म्हणून सांगितलंय. वाईट नाही बोललं कुणी. फक्त भांडी घास म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्या दिशी तुमी हात धरला तवा माझ्या हाताला कायतरी लागलं व्हतं. पिठावानी. पण पीठ नव्हतं ते. तुमी एक डाव त्यास्नी सांगा ना."

तिला कळलं होतं. आणि तरी ती मला दोष देत नव्हती, सुटायला वाट करून देत होती. मी काय केलं? मी हसले. "अहो शालनबाई, दिवा कशाला खोटं बोलेल?"

ती मग "बरं" म्हणाली आणि गेली.

साहेबांना तो फोटो फार आवडला. त्याचं पोस्टर झालं. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे दोन हात, वर मोठ्या अक्षरांत — 'तुमचे हात खरंच स्वच्छ आहेत?' अंगठ्याजवळचा चटका त्यात स्पष्ट दिसतो. शेंद्र्यापर्यंतच्या वस्त्यांत ते लागलं. फोटो छापायला मी तिला विचारलं नव्हतं. माझा पगार वाढला, पद वाढलं. वस्तीतली जुलाबाची पोरंही कमी झाली असं म्हणतात. झाली असतील. मला ते ऐकून बरं वाटायला हवं.

मध्ये बरीच वर्षं मी त्या वस्तीकडे फिरकले नाही. काही ना काही कारण काढायचे. यंदा उन्हाळ्यात नवीन मुलींना काम दाखवायला जावंच लागलं. स्वयंपाकघर आता पक्कं बांधलंय. मागच्या बाजूला मोरी, मोरीच्या भिंतीवर ते पोस्टर, कडेने ओलीने फुगलेलं. त्याच्याखाली शालनबाई भांडी घासत बसली होती. बोटांची कातडी सोड्याने सोलून पांढरी पडलेली. भाकऱ्या आत दुसरीच कुणी थापत होती, जाड आणि कडेला चिरलेल्या.

तिने मला ओळखलं. "या ताई. उन्हाचं आलात, पाणी घ्या," म्हणाली.

मी नको म्हणणार होते. पण सोबतच्या मुली बघत होत्या.

ती उठली. टिपाडातून तांब्याभर पाणी काढलं. साबण घेतला. तळवे, मागची बाजू, बेचक्या, नखं, मनगटं — मी शिकवलं होतं तसं, त्याच क्रमाने. धुऊन झाल्यावर तिने पेल्याला हात लावला नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे. मग उलटे करून. शाळेत मुलं नखं दाखवतात तसे. टोमणा नव्हता तो. ती माझ्या होकाराची वाट बघत होती.

मुली शेजारीच होत्या. जांभळा दिवा माझ्या पर्समध्ये होता, चार्ज केलेला.

मी मान हलवली. ठीक आहेत, म्हणून. मग तिने पेला भरला, आणि मी पाणी प्यायले.