पाइपाला हात लावून

बायकोच्या डायलिसिसचे ते पहिले आठवडे होते. शेजारच्या खाटेवर कारंजाकडचे एक वयस्कर शेतकरी असायचे. पहाटेची बस धरून वर्ध्याला यायचे. चपला भिंतीशी सरळ लावायचे आणि येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारायचे, "जेवल्या का बाई?" त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.

एकदा मात्र धीर करून विचारलं, "डायलिसिसवर माणूस किती वर्षं काढतो हो?"

ते हसले. "मीबी पयल्या दिवशी हेच इचारलं होतं. उत्तर देणारे डॉक्टर रिटायर होऊन गेले. मी आपला येऊनच राह्यलो."

बायको हसली नाही. डायलिसिससाठी तिच्या हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडली होती, त्या हाताकडे ती बघतही नसे. त्यांनी आपला तसाच हात पुढे केला. "इथं बोट ठेव, पोरी."

कातडीखाली रक्त थरथरत होतं.

"विहिरीवरची मोटर चालू केली का आपण पाइपाले हात लावून पाह्यतो ना, पाणी येऊन राह्यलं का नाई? तसंच रोज सकाळी पाह्यजो. वर्षं काऊन मोजून राह्यली?"

पुढे आमचे वार बदलले. पुन्हा भेट झाली नाही.

आता रोज सकाळी बायको हात पुढे करते आणि डोळे मिटते. मी बोट ठेवतो.

"येऊन राह्यलं पाणी," मी म्हणतो.

मग ती डॉक्टरांनी मोजून दिलेला अर्धा कप चहा घेते. मीही अर्धाच घेतो.