अळीचं नाव

विलायतेच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा, म्हणून अमरावतीजवळच्या सरकारी वावरात परदेशी बी पेरून पाहत होते. तिथला मुकादम माझ्या ओळखीचा. चालताना तो झाडाझाडाला बोट लावी, आणि बोंड पोखरणाऱ्या अळीला ‘पाहुणी’ म्हणे. वावरात तिचं नाव घेतलं की ती वाढते, असा त्याचा हट्ट. वावराच्या गोऱ्या साहेबाने नासाडीचं कारण विचारलं, तेव्हा हा म्हणाला, “पाहुणे येऊन राहिले, हुजूर.” साहेबाला वाटलं माणसं येतात. त्याने कुंपण घालायला लावलं!

मी भडकलो. “हेच बी उद्या आमच्या वलगावात शेतकऱ्यांना वाटतील. सरळ अळी म्हणा ना!”

“भाऊ, वावरात कावून बोंबलता?”

वाटपाचा हुकूम निघायचा त्या सकाळी मात्र त्याने साहेबाला बांधाबाहेर, गाडीवाटेवर बोलावलं. तळहातावर बोंड फोडलं आणि मोठ्याने म्हणाला, “अळी, हुजूर. विलायती बोंडाले हेच खाऊन राहिली.”

वाटप थांबलं. मी शाबासकी द्यायला पुढे झालो, तर तो विहिरीकडे निघालेला.

“थांबा भाऊ, चूळ भरतो. मंग वावरात जातो.”