भामेचे पोट सुटलेले मासे

नातीच्या कंपासपेटीतला कर्कटक हातात घेतला की माझ्या बोटांना अजून मासळीचा वास आल्यासारखा वाटतो.

पन्नासच्या दशकात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असताना, मी चाकणजवळ भामा नदीच्या काठी बसून कर्कटकाने मासे मोजत होते. डोक्याची लांबी, पोटाची उंची, शेपटीची जाडी. त्याच जातीचे मासे हिवाळ्यात इंद्रायणीवर मोजून झाले होते. आषाढात भामेचे आकडे शेजारी मांडले. इथल्या माशांची पोटं चांगलीच सुटलेली होती. नदी बदलली की माशाचा बांधाही बदलतो, हे सरांना कसं सांगायचं तेही मी मनात ठरवून टाकलं.

जाळं झटकणाऱ्या सरूबाईंना मी ते ऐटीत सांगितलं. त्यांनी एक मासा उचलून अंगठ्याने त्याचं पोट दाबलं. पिवळी गाभोळी बाहेर आली.

"अवो ताई, अंड्यावर आलीय ही. हिवाळ्यात कुठनं दिसंल पोट?"

तेव्हा माझे कान लाल झाले होते. आता हसू येतं, कारण त्या अंगठ्याला माझ्या कर्कटकापेक्षा जास्त कळत होतं. सरूबाईंनी तिथेच तीन दगडांवर तवा ठेवला आणि माझा शोध आम्ही दोघींनी तिखटमीठ लावून खाल्ला.