लँडिंग मोजा म्हणणारा दिलीप

दिलीप गेला.

सकाळी फोन आला तो त्याच्या युनियनच्या सेक्रेटरींचा. नागपूरच्या हॉस्पिटलात त्याच्यापाशी तेच होते. इथे दिग्रसला त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींनाही त्यांनीच कळवलं.

ज्या युनियनला हा जन्मभर शिव्या देत आला, त्याच युनियनचा माणूस शेवटी उशाशी होता.

दिलीप माझा शाळेतला मित्र. पायलट. पण मोठ्या जेटचा नाही. एका छोट्या शहरातून दुसऱ्या छोट्या शहरात जाणाऱ्या, पंख्याच्या विमानांचा.

"अबे, मी हवेतली दिग्रस-पुसद एस्टी चालवतो," म्हणायचा. "चढ, उतर. चढ, उतर. जेटवाला दिवसातून एकदा उतरते. आम्ही उतरूनच राह्यलो."

त्याची मागणी एकच होती. ड्युटीचे नुसते तास धरू नका, लँडिंगही मोजा. माणूस थकतो तो उतरताना.

युनियनमध्ये बहुमत जेटवाल्यांचं. दरवेळी कंपनीशी बोलणी व्हायची, आणि हा मुद्दा "पुढच्या वेळी" म्हणून मागे पडायचा.

"मंग सोड ना युनियन," मी एकदा म्हटलं.

"सोडू कायले? मंग भांडू कोणाशी, तुह्याशी?"

आजारपणात पायलटांच्या मेडिकल तपासणीत तो अनफिट ठरला. कंपनी त्याला घरी बसवणार होती. तेव्हा हीच युनियन अडून बसली. नव्या पायलटांना शिकवण्याचं काम तिनं त्याला मिळवून दिलं.

नोकरी राहिली. उडणं गेलं.

सुट्टीत आला की आम्ही गच्चीवर बसायचो. वरून विमान गेलं की तो बोलता बोलता थांबायचा. आवाज पार विरेपर्यंत.

मीही थांबायचो. त्या गप्प बसण्याची आज फार आठवण येतेय.

सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "या वेळच्या बोलण्यांत लँडिंगचा मुद्दा पहिला घेतो."

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले.

"भाऊजी, हे होते तवा काहून नाही घेतला?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"येऊ द्या त्याईले. चहा देईन. ह्यांच्यासाठी लय धावले ते. पण विचारल्याबिगर सोडणार नाही."

दुपारपर्यंत गाडी दिग्रसला पोचेल. सेक्रेटरी सोबत येताहेत. संध्याकाळी अंत्यसंस्कार.

दिलीप, ये. आम्ही सगळे दारातच उभे आहोत.