भूगोल मी घेते

टॅक्सी दुपारी तीनला आली. रहाटणीच्या गावठाणातल्या आमच्या गल्लीत ती शिरेना, म्हणून ड्रायव्हरने कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर उभी केली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठी बॅग खांद्यावर घेतली. दुसरी प्रशांतने, माझ्या नवऱ्याने, ओढत नेली. दोन वर्षांची सई माझ्या कडेवर होती. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. फक्त आई बाहेर आली नाही.

मी आत गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी वाकून पाया पडले, तर मान वर न करता म्हणाली, "तुला जग बघायला शिकवलं म्या. जायला न्हाई."

फिनलंडला पोचेपर्यंत मी त्या वाक्याला उत्तर शोधत होते.  शिकवलं होतं ते खरोखर तिनेच.

मी सहावीत असताना काळेवाडीच्या रस्त्यावर एका स्कूटरने मला उडवलं आणि मांडीचं हाड मोडलं. चार महिने प्लास्टर, म्हणजे चार महिने घर. अण्णा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आठवड्याला शिफ्ट बदलायची. गणित ते घ्यायचे, जमेल तसं. इंग्रजीच्या वह्या वर्गातली एक मुलगी आणून द्यायची. राहिला भूगोल. त्यात मी सहामाहीला नापास झाले होते. आई सातवी शिकलेली. तिने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, मिटलं आणि म्हणाली, "भूगोल मी घेते."

आम्हाला वाटलं, गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी ती काळेवाडीतल्या सलीमभाईंच्या दुकानात गेली. सलीमभाई सिनेमाच्या सीडी भाड्याने द्यायचे आणि फावल्या वेळात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. आईने त्यांना विचारलं, "देश दाखवनारी सीडी हाय का?" असं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यांनी खालच्या खणातून वाळवंटातल्या उंटांवरची एक हिंदीत डब केलेली डॉक्युमेंटरी शोधून काढली. पुढे तर तेच वाट बघायचे. "ताई, आज बर्फाची आलीय बघा, एकदम कडक," असं म्हणून सीडी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. भाड्याने आणलेला प्लेअर, आमचा चौदा इंची टीव्ही आणि लोखंडी कपाटाच्या दारावर कणकेच्या खळीने चिकटवलेला जगाचा नकाशा. एवढीच आमची शाळा.

आईची शिकवायची पद्धत तिची स्वतःची होती. चार-पाच मिनिटं झाली की ती सीडी थांबवायची आणि विचारायला लागायची. पानी कुठनं आनत्यात? चुलीत काय जाळत्यात? जनावरं काय खात्यात? बायांना लांब जावं लागतं का? उत्तर तिला माहीत नसायचं. ते मी पुस्तकातून शोधून द्यायचं. पेरू देशातले डोंगरउतारावरचे पायऱ्या-पायऱ्यांचे वाफे पाहून ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. "हे आपल्या भीमाशंकराकडच्या खाचरावानी हाय गं. मंजी माती वाहून जाती त्यांची बी." त्या दिवशी मला जमिनीची धूप समजली. पुस्तकात दोन पानं होती त्यावर, मी ती पाठ केली होती, पण समजली त्या दिवशी.

डॉक्युमेंटरी नसली की साधा सिनेमाही चालायचा. हिरो-हिरॉईन बर्फात नाचायला लागले की आई म्हणायची, "त्यांच्याकडं बघू नगं, मागचा डोंगर बघ." हिरॉईन पातळ साडीत असायची. "ही थंडीनं मरायला पायजे, गाती काय!" असं म्हणून ती खोखो हसायची.

वार्षिक परीक्षेत मला भूगोलात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पेढे घेऊन ती आधी सलीमभाईंकडे गेली.

प्लास्टर सुटलं तरी आमचा तास सुटला नाही. मी इंजिनिअरिंगला गेले, चाकणला एका कंपनीत लागले, लग्न झालं, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला गेले, तरी रविवारी दुपारी आम्ही दोघी काहीतरी लावून बसायचोच. नदीकाठचं आमचं शेत कधीच बिल्डरला गेलं होतं. शेतातली बाई घरात बसली होती. मला वाटतं, जगातली सगळी शेतं ती त्या पडद्यावर फिरून यायची.

आणि मग कंपनीने मला फिनलंडच्या कारखान्यात बोलावलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे माहीत असेल: पहिली दोन वर्षं माणूस घरी फोन करून खोटं बोलतो. सगळं छान आहे, थंडी फार नाही, सई रमलीय. माझ्या आईपुढे खोटं बोलायचीही वेळ आली नाही, कारण तिने कधी विचारलंच नाही. ती फोनवर यायची. जेवलीस का, सईचा खोकला गेला का, प्रशांतरावांना नमस्कार सांग. बस. ज्या बाईने जगातल्या प्रत्येक देशाला चूल आणि पाणी विचारलं होतं, तिने माझ्या नव्या देशाला एकही प्रश्न विचारला नाही. इथे तळी गोठतात आणि त्यावरून माणसं चालत जातात, हे मी स्वतःहून सांगितलं, तर म्हणाली, "असंल." आणि फोन अण्णांकडे दिला.

सहा वर्षं हे असं चाललं. मी भारतात दोनदा जाऊन आले. तिने पुरणपोळ्या केल्या, सईला अंघोळ घातली, माझ्या केसांना तेल लावलं. पण टीव्हीसमोर बसायची वेळ झाली की ती काहीतरी काम काढून आत जायची.

गेल्या वर्षी सईच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या घरच्या मूळ गावाबद्दल काहीतरी वर्गाला दाखवायचं होतं. सई मला म्हणाली, "मला रहाटणीची डॉक्युमेंटरी लावून दे." मी आईसारखीच शिकवते तिला, त्यामुळे कुठल्याही जागेची डॉक्युमेंटरी असतेच, अशी तिची समजूत. मी शोधलं. वाघ होते, राजवाडे होते, वाळवंट होतं. पिंपरी-चिंचवड म्हणून शोधलं तर फ्लॅट विकणाऱ्यांचे व्हिडिओ आले. रहाटणीची डॉक्युमेंटरी कोणी कशाला बनवेल?

मी फोन केला. आई म्हणाली, "हितं काय हाय दाखवायला? टॉवर नि ट्रॅफिक." मी म्हटलं, "सईला हवंय. राहू दे, नको असेल तर."

चार दिवसांनी अण्णांच्या फोनवरून अकरा व्हिडिओ आले.

पहिल्यात नुसता तिचा अंगठा. अण्णांचा आवाज, "अगं, फोन आडवा धर." मग हलणारा रस्ता आणि आईचा आवाज, अगदी त्या डॉक्युमेंटरीतल्या माणसासारखा संथ करून काढलेला. "ही रहाटनी. हितं आमी ज्वारी करायचो, कांदा करायचो. पानी पवनेचं. चुलीला तुरीच्या काड्या." आपले सगळे प्रश्न तिने स्वतःलाच विचारले होते आणि उत्तरं देत चालली होती. सई आणि मी हसत होतो.

सातव्या व्हिडिओत हसू थांबलं. ती आमचं शेत शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. नवे रस्ते, सगळीकडे सारखे टॉवर. "हितंच व्हती विहीर... न्हाई, त्या अंगाला," असं म्हणत ती दोनदा मागे फिरली. शेवटी एका सोसायटीच्या गेटवर तिने वॉचमनला विचारलं, "भैया, इधर विहीर थी ना, जांभूळ का झाड था बाजू में?"

"हमको नहीं मालूम माताजी, हम नये हैं."

आईने फोन त्याच्याकडे वळवला. मग म्हणाली, "गाव किधर तुम्हारा?"

"झारखंड."

"कोयला निकलता है ना उधर? और साल का जंगल?"

वॉचमन चकित. "आप गयी हैं उधर?"

"न्हाई. टीव्ही पे देखा. पानी कहाँ से भरते तुम्हारे घर में?"

आणि तो सांगायला लागला. नदी, हापसा, लांबून पाणी आणणारी त्याची आई. माझी आई मध्येच "व्हय का?" म्हणत ऐकत राहिली. शेताचं ती विसरली होती, व्हिडिओ तसाच चालू होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला आजवर वाटत होतं की घर सोडून मी आले आणि ती घरी राहिली. तिचंही गाव गेलं होतं, ती एका जागी उभी असताना. मी निदान तिकीट काढून निघाले होते.

सईने ते व्हिडिओ वर्गात लावले. त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंना ज्वारी म्हणजे काय ते जाणून घ्यायचं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मने, तिकडं उन्हाळ्यात अंधारच पडत न्हाई म्हनत्यात. मंग धारा कवा काढत्यात?"

 मी विचारलं, "हे कधीपासून विचारायचं होतं तुला?"

"तू गेल्यापासनं."

उत्तर मला माहीत नव्हतं. रविवारी आम्ही तिघं गाडी घेऊन गावाबाहेरच्या एका गोठ्यावर गेलो. तिथल्या मालकिणीला माझा प्रश्न ऐकून हसू आलं, पण तिने आत नेऊन सगळं दाखवलं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. गाय आपणहून चालत यंत्रापाशी यायची, यंत्र धार काढायचं, ती निघून जायची. वेळ ठरलेली नाही, तिला वाटेल तेव्हा.

"मंजी गायच ठरवती?" आई म्हणाली.

"हो."

"आन् न्हाई आली तर?"

मी मालकिणीला विचारलं आणि सांगितलं, "येते म्हणे. उशिरा का होईना, येतेच."

आई हसली. मग म्हणाली, "फोन जरा खाली धर. चारा कसला हाय ते दाव."

मी गुडघ्यावर बसले आणि फोन गव्हाणीजवळ नेला. घर कुठे आहे असं आता मला कोणी विचारलं, तर मी गावाचं नाव चटकन सांगू शकत नाही. पण त्या दिवशी, त्या परक्या गोठ्यात, मूठभर गवत हातात घेऊन मी ते आईला जवळून दाखवत होते आणि ती म्हणत होती, "अजून जवळ आन." मला वाटलं, पोचले.